दादाच्या दोन चड्ड्या

सोमवार, ३ मार्च
दादाला जाऊन महिना झाला. पुढच्या सोमवारी शेत भाडेपट्ट्यानं द्यायचं ठरलं. वहिनी म्हणाल्या, "उरकून टाका भाऊजी. मला ते डोळ्यांसमोर नको." शेताकडची खिडकी लावलेली. दादाचं कपाटही. रडल्या मात्र नाहीत — अजूनही!

मंगळवार, ४ मार्च
घेणारा शेजारचाच. मी त्याला सपाटराव म्हणतो — दिसेल ते सपाट करतो. आज फिरून गेला. "हे काय शेत आहे साहेब? धान्यात कडधान्य, मध्येच भाजी, त्यात कोंबड्या! आधी ही कुंपणाची झुडपं तोडू." त्या झुडपांत मुंगसं राहतात, वरच्या झाडावर घुबड. आमचे उंदीर तेच आवरतात, असं दादा म्हणायचा. मी शेताला प्राण्यांची धर्मशाळा म्हणायचो. तो पोट धरून हसायचा. विनोद लिहून पोट भरतो मी, हसणारा गेला.

गुरुवार, ६ मार्च
काही नाही. घुबड ओरडलं. एकदाच.

शनिवार, ८ मार्च
शेतात एक काठी रोवलेली दिसली. वहिनींना विचारलं.
"तिथं त्यांची चड्डी पुरलीय."
"चड्डी?" मी.
"सुती. माती जिवंत असली की खाऊन टाकते म्हणे. जायच्या महिनाभर आधी पुरली. दुसरी शेजाऱ्यांच्या शेतात — त्यांना विचारून हो!"
घराण्याची अब्रू, दोन शेतांत!

रविवार, ९ मार्च
दोन्ही उकरल्या. सपाटराव खो-खो हसत होता. त्याच्या विटेसारख्या ढेकळांतून चड्डी अख्खी निघाली — धुऊन घालावी अशी. "बघा! आमची जमीन कुणाच्या कपड्यांना हात लावत नाही."
मग आमच्याकडे. कुदळ आवाज न करता आत गेली. गांडुळंच गांडुळं. आणि हाताला लागलं नुसतं कमरेचं इलास्टिक. बाकी सगळी माती.
यावर काहीतरी बोचरं सुचायला हवं होतं. मी इलास्टिकची माती पुसत बसलो.
इलास्टिक वहिनींना दिलं. बोटाभोवती गुंडाळत बसल्या. जेवल्या नाहीत.

सोमवार, १० मार्च
सपाटराव सहीसाठी येऊन बसलाय. वहिनी घरात नाहीत. कपाट उघडं, दादाचे सुती सदरे सगळे गायब. खिडकीही उघडी — वहिनी शेतात खड्डे खणताहेत, मोठमोठ्यानं रडत. दुसरी कुदळ माझ्या दाराला टेकवून ठेवलीय.