पोराच्या गाडीचं इंजिन

अगं,

बहिणीकडून आल्या आल्या पोराच्या गाडीचं बॉनेट उघडू नकोस. आत काही नाही. त्याचं इंजिन काढून मी माझ्या पिकअपला बसवलं. माझ्या इंजिनाने मान टाकली होती आणि तो गेल्यापासून त्याची गाडी अंगणात नुसती गंजत होती. तुला विचारलं असतं तर तू नाहीच म्हणाली असतीस, म्हणून विचारलं नाही. आल्यावर काय बोलायचं ते बोल, ऐकून घेईन.

सीटवरचा त्याचा स्वेटर हलवलेला नाही. पायरीपाशी तेल सांडलंय, त्यावर भुसा टाकलाय, पाणी ओतू नकोस.

त्या इंजिनाची टकटक मला चुटकीसरशी घालवता आली असती. तो होता तेव्हा मीच मागे लागायचो ना, 'टॅपेट सेट करून घे, गल्ली जागी होते.' पण हात लावला नाही. काल चालू करून बॉनेटखाली वाकलो आणि सवयीने ओरडलो, "रेस कमी कर रे!" स्टिअरिंगवर कुणीच नव्हतं.

माल पोचवून संध्याकाळी येतो. कोपऱ्यावर तोच आवाज येईल. दाराकडे धावू नकोस गं. मीच असेन.