निकासियाने तुंबा रिकामा केला त्याबद्दल

वायरापाम्पा,
ऑगस्टचा शेवटचा गुरुवार

आदरणीय सेवेरोदादा,

तुमच्या बहिणीचा आणि माझा नमस्कार. शेतकऱ्यांच्या संताच्या, सान इसिद्रोच्या, कृपेने आणि धरतीमातेच्या सहनशीलतेने आम्ही सारे बरे आहोत. माझा गुडघा सोडला तर तक्रार नाही, आणि गुडघ्याची तक्रार मी देवाकडे करतो, तुमच्याकडे नाही. राजधानी ला पासची हवा तुमच्या खोकल्याला मानवत नसेल, तर निदान उंबऱ्यात उभे राहू नका. तुम्ही निकासियाच्या कचेरीत शिपाई आहात, रोज सकाळी तिच्यापुढे चहा ठेवता, म्हणून हे पत्र तुम्हालाच लिहितो आहे. काय घडले ते आधी सगळे सांगतो.

निकासिया आयाविरी सिनेटर आहे याचा अभिमान मला आहे, तसा साऱ्या गावाला आहे. शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो (ती पाढे म्हणायची, मी ओठ हलवायचो). ती बायकांच्या संघटनेची प्रमुख झाली, मग नगराध्यक्ष झाली, मग राजधानीत गेली. शपथेच्या दिवशी दारावरच्या माणसाने तिला टोपी काढायला सांगितली, तेव्हा ती म्हणाली, "ही आईनं घातलीय. जाऊन तिला विचारून या, मी थांबते." आणि भाषण आपल्या केचुआ भाषेत सुरू केल्यावर मागच्या बाकांवर कुजबुज झाली, तेव्हा ती थांबून म्हणाली, "सावकाश बोलू का? आम्ही इतकी वर्षं तुमचं ऐकलं, तेव्हा कुणी विचारलं नव्हतं." हे आम्ही टीव्हीवर पाहिले. दुकानात इतकी माणसे कोंबली होती की मला फक्त आवाज आणि कुणाचे तरी कोपर मिळाले. तरी मी रडलो. गावोगावच्या झऱ्यांवर गावाचाच हक्क राहील, असा कायदा तिने मंजूर करून घेतला, तेव्हा मी देवळात जाऊन दोन मेणबत्त्या लावल्या.

पण तुम्हाला आपले गाव माहीत आहे. इथे माणूस देवळाच्या घंटेपासून सुरुवात करतो, मग पाटाची राखण, मग पाटकरी, आणि मग कुठे सभेत त्याच्या बोलण्याला वजन येते. निकासिया राखणीपर्यंत आली आणि तिथूनच निवडून गेली. साऱ्या देशासाठी पाण्याचा कायदा करणारी बाई एक वर्षही पाटकरी नव्हती! दर सभेत तेलेस्फोरो तिच्या आईला, बासिलियाआईला, ऐकवतो, "लेक तुमची मोठीच, पण पाण्याची पाळी तरी लावून दाखवलीय का कधी?" म्हातारी घरी येऊन कोंबड्यांवर राग काढते. (हे बोलणारा तेलेस्फोरो स्वतः दोन वर्षे पाटकरी होण्याचे टाळतो आहे. त्याला ऐन वेळी पोटदुखी होते.)

या वर्षी पाटकरी मी होतो. देवाने कोणत्या पापासाठी मला निवडले ते त्यालाच ठाऊक. पहाटे पाणी सोडायचे, कुणी दुसऱ्याच्या पाळीत पाटाचे दार उघडले तर भांडायचे, आणि मला तर भांडताना घाम फुटतो. परवाच्या रविवारी पाटाच्या सफाईचा शेवटचा दिवस होता. मी पाटकऱ्याच्या मानाच्या काठीने मोजून प्रत्येक घराला त्याचा तुकडा देत होतो, तेवढ्यात वरून निकासिया आली. सोबत एक टायवाला सचिव. तो मला विचारू लागला, "बाईंचा कार्यक्रम किती वाजता आहे?" मी म्हणालो, "सुरू आहे, साहेब. त्या धोंड्यापासून त्या झुडपापर्यंत." तो मागे सरकला आणि थेट गाळात बसला. बायका हसल्या, तोही बिचारा हसला. पुढे त्याने चांगले काम केले.

आता आयाविरींच्या तुकड्यात तो मोठा धोंडा आहे हे मला ठाऊक होते. सिनेटरला दुसरा तुकडा द्यावा का? मी मनातल्या मनात सान इसिद्रोला विचारले. तो काही बोलला नाही. तो एरवीही बोलत नाही, पण या वेळी फारच गप्प होता. निकासियाने फावडे घेतले, परकर खोचला आणि धोंडा हलवला. त्यात फावड्याचा दांडा मोडला. ती म्हणाली, "फोर्तुनातो, हे फावडं तुझ्यासारखंच आहे, जोर पडला की वाकतं." मी म्हणालो, "मी मोडत नाही ना पण." सगळा पाट हसला.

दुपारी ती घामाने चिंब, ओठ सुकलेले. मी माणुसकीने मक्याची दारू, आपली चिचा, भरून तुंबा पुढे केला. तिने चार थेंब धरतीला दिले, बाकीचा एका दमात रिकामा केला आणि तोंड पुसले. तेव्हा सफाईला साथ म्हणून वाजणारा बाजा थांबला.

दादा, त्या तुंब्याला फुले बांधली होती. शेवटच्या दिवशी पाटकऱ्याच्या हातून फुलांचा तुंबा जो रिकामा करील, तोच पुढचा पाटकरी. तो तेलेस्फोरोसाठी होता. तेलेस्फोरो मोये झाडाच्या मागे लपला होता, तो बाहेर आला आणि नाचला. पोटदुखी पार गेली. निकासिया हसून सगळ्यांना भेटली, आईकडे जेवली आणि संध्याकाळी गाडीत बसून गेली. तिला कळले की नाही, हे विचारायची कुणाचीच छाती झाली नाही. माझी तर नाहीच.

पुढच्या शनिवारी पहाटे नव्या पाटकऱ्याने ती मानाची काठी घेऊन पाटाचे दार उघडायचे आहे. त्याशिवाय पेरणीला पाणी नाही, आणि मक्याचे बी लोकांनी काढून ठेवले आहे. ती आली नाही तर सारे माझ्याकडे बघतील. काठी मी त्या दिवशी पाटावरच कापडात गुंडाळली आणि तशीच, न उघडता, घरात ठेवली आहे. तिच्याकडे बघवत नाही.

मुलांना आशीर्वाद. देव तुम्हाला सांभाळो.

तुमचा,
फोर्तुनातो

ता. क. तेव्हा विनंती ही की, तिला हे तुम्ही सांगावे. चहा दिल्यानंतर, आधी नको. चूक माझी होती, घाईत दुसरा तुंबा मिळाला नाही, असे सांगा.

ता. क. २. वरचे खोडता येत नाही, शाई पक्की आहे. दुसरे तुंबे होते. तीन होते. पण तिची ती एक पायरी राहून गेली, हे मला इतकी वर्षे टोचत होते. सान इसिद्रोला मी सांगितले आहे. त्यावरही तो गप्प आहे.

ता. क. ३. पत्र पाकिटात घालण्याआधी काठीला तेल लावावे म्हणून कापड सोडले. आत निकासियाने मोडलेला फावड्याचा दांडा निघाला! तसाच धावत बासिलियाआईकडे गेलो. म्हातारी मका सोलत बसली होती. म्हणाली, "आत्ता कळलं होय तुला? तू पाटावर बाजावाल्यांचा हिशोब मिटवत होतास तेव्हाच काठी नेली तिनं. म्हणाली, फोर्तुनातोला सांगू नकोस, त्याला पत्र लिहायला आवडतं." तेव्हा तिला काहीही सांगू नका. कचेरीत झेंड्याच्या मागे बघा. काळ्या लाकडाची, चांदीची कडी असलेली काठी तिथे असेल, तर चहा ठेवा आणि गुपचूप बाहेर या. फक्त एक आहे. पाटकऱ्याच्या घरची पाण्याची पाळी सगळ्यांत शेवटी येते. हे बासिलियाआईला मी सांगणार नाही. ते आता निकासियाचे काम.