कोल्हापूरला न चढता

वडूज,
दि. २ एप्रिल २०२५

प्रिय भाऊसो,

अक्काचे आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण चालतं. ज्वारी घरात आली. वाचनालयातले लोक आता माझ्यासाठी पुस्तकं बाजूला काढून ठेवतात. सातवीत शाळा सुटलेल्या बाईला एवढा मान पुष्कळ झाला. राजेश्वरीची कंबर कशी आहे? कुपवाडच्या वर्कशॉपात नवीन लेथ आलं, असं तिच्याकडूनच कळलं.

फोन केला की तीच उचलते आणि "ते कामात आहेत, अक्का" म्हणते. मागून टीव्हीचा आवाज येत असतो. तिला का खोटं बोलायला लावतोस? म्हणून पत्र लिहिते. हे तुझं तुलाच वाचावं लागेल.

आपल्या क्रांतीचं लग्न ठरलं. मुलाचं नाव उदयसिंह. मूळचे आपल्या खटाव तालुक्यातलेच, पण आजोबांपासून कोइमतूरला सोनं-चांदी गाळायचा धंदा. तुझ्या दाजींच्या दुकानाजवळच त्यांचं दुकान. त्यामुळे लग्न तिकडंच, वैशाखात. माझ्याबरोबर तुझं आणि राजेश्वरीचंही तिकीट क्रांतीनं काढलंय. १३ मेला सकाळी कोल्हापूरहून बेंगळुरू, तिथून दुसऱ्या विमानानं कोइमतूर.

तिकिटांबद्दल मी आता मिळेल ते वाचून काढते. तुझं नाव आधार कार्डावर आहे तसं 'भाऊसाहेब' घातलंय, नाहीतर दारातच अडवतात. फोन नंबर तुझाच दिलाय. वेळ बदलल्याचा मेसेज आला तर तो बघ, पुसून टाकू नकोस. त्यांनीच विमान रद्द केलं तर भांडत बसायचं नाही, दुसऱ्या विमानात जागा मागायची, नाहीतर पैसे परत. आणि आपणच कुठं अडकलो तर विमान सुटायच्या आधी फोन करून सांगायचं. नंतर सांगून उपयोग नसतो.

आणि पहिलं विमान सोडायचं नाही.

एवढं लिहून मी उठले होते. गॅसवर दूध नव्हतं, काही नव्हतं, उगाच स्वयंपाकघरात जाऊन आले.

गेल्या वर्षी कोइमतूरला दाजींचं हृदयाचं ऑपरेशन ठरलं तेव्हाही क्रांतीनं मला असंच दोन विमानांचं तिकीट पाठवलं होतं. मी कधी विमानात बसलेली नव्हते. तुझ्याकडं आले ती भेदरलेलीच. तू पंपाचे सुटे भाग घेऊन गाडीनं बेंगळुरूला निघाला होतास. म्हणालास, "आवं अक्का, चला माझ्यासंगं. तेवढंच एका विमानाचं भ्या वाचंल. आपण न्हाई का सांगलीपासनं रिझर्वेशन काढून कऱ्हाडात चढत? शीट कुठं जातंय?" मला पटलं. आपल्याकडं कुणालाही पटलं असतं. जन्मभर आपण एसटीत असंच चढत आलो.

बेंगळुरूच्या काउंटरवर ती मुलगी हिंदीत म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोल्हापूरला चढला नाहीत, म्हणून पुढचं तिकीट आपोआप रद्द झालं." तू तिला पुन्हा पुन्हा सांगत राहिलास, पैसे भरलेत, बाई समोर उभी आहे. विमान भरलेलं होतं. जागा दुसऱ्या दिवशीची मिळाली. तिकडं दाजींचं दुखणं वाढलं आणि डॉक्टरांनी ऑपरेशन त्याच दुपारी घेतलं. आपण पोचलो ते त्यांना घरी आणायलाच.

सावडायच्या दिवशी क्रांती तुला सगळ्यांसमोर म्हणाली, "मामा, विमान म्हणजे काय एसटी वाटली तुम्हाला?" तू चपलासुद्धा न घालता गाडीत जाऊन बसलास. मी तिला गप्प केलं नाही. मलाही तुझा राग होता, भाऊसो. आज खोटं कशाला लिहू? वर्षश्राद्धाला तू आला नाहीस तेव्हा वाटलं, बरंच झालं.

आता जे लिहिते ते क्रांतीलाही परवाच सांगितलं.

तू काउंटरवर होतास तेव्हा दाजींचा फोन आला होता. त्यांना ऑपरेशनला आत नेत होते.

"कुठवर आलीस?"

मी म्हणाले, "बसले विमानात. उडालंय."

"खिडकी घावली का?"

"घावली."

"काय दिसतंय?"

माझ्यासमोर एक माणूस फरशी पुसत होता. मी म्हणाले, "ढग. पार लांबपर्यंत पिंजलेल्या कापसावानी."

ते हसले. मग म्हणाले, "भाऊसो हाय न्हवं जवळ?"

"हाय की."

"मग मला घोर न्हाई." आणि फोन बंद झाला.

मी बरेच महिने समजत होते, की ते निदान फसून तरी गेले. मग एका पुस्तकात वाचलं, की उडालेल्या विमानात आपला साधा फोन लागत नाही. दाजी धंद्यासाठी वर्षात कितीदा तरी विमानानं जायचे, त्यांना हे ठाऊक नसेल? आणि तू मला फक्त बेंगळुरूपर्यंत सोडणार, हे मी निघतानाच त्यांना सांगितलं होतं. मी विमानात असते तर तू जवळ कसा असतास? त्यांना सगळं कळलं होतं, भाऊसो. बायको पोचत नाही, हे कळलं होतं. तरी मला ढग सांगू दिले, आणि तू जवळ आहेस एवढं विचारून घेतलं.

ते तुझ्यावर चिडून गेले नाहीत. मला तुझ्या हवाली करून गेले.

हे ऐकून क्रांती रडली नाही, ती बापासारखी आहे. एवढंच म्हणाली, "मंगलाष्टकांना माझ्या मागं मामा नसतील तर ती जागा मोकळी राहू दे. दुसरं कुणी उभं राहायचं नाही." तुला फोन करायला तिची जीभ रेटत नाही. तू मोठा आहेस, तिचं तेवढं पोटात घाल.

उत्तर लिहू नकोस, राजेश्वरीकडून निरोपही नको. तू कोल्हापूरला ये.

तुझ्याशिवाय दुसरं माहेर नसलेली,
अक्का