पहिला पॅनकेक कोणाचा

चिमणे,

आईला दवाखान्यातून घरी आणायला चाललोय. तू झोपेत हसत होतीस, म्हणून उठवलं नाही.

आम्ही येईपर्यंत पॅनकेक कर. वाटीभर मैदा, तेवढंच दूध, एक अंडं, चमचाभर साखर, छोटा चमचा बेकिंग पावडर. फार घोटू नकोस, गुठळ्या राहिल्या तर राहू देत. गॅस आत्याच पेटवेल. पीठ तव्यावर ढगासारखं सावकाश पसरेल. वर बुडबुडे येऊन फुटायला लागले की उलट. तोवर नुसती बघत बस, मजा वाटते.

पहिला बिघडतोच. इतकी वर्षं तो आईच खायची, आणि तिला तसलाच आवडतो असं आपण खुशाल समजत होतो.

आज तो माझ्या ताटलीत ठेव.

बाबा