एका गोष्टीला एकच शब्द

१ जानेवारी, सकाळी ६.१०
संकल्प तीन. चहा बिनसाखरेचा. रोज ही वही. आणि ऑफिसात एका गोष्टीला एकच शब्द. पहिले दोन किरकोळ आहेत. तिसऱ्यासाठीच आपला जन्म झालाय असं हल्ली वाटायला लागलंय.

आमच्या कंपनीची स्ट्रिंग लायब्ररी आहे. म्हणजे कॉम्प्युटरमधला मजकूर मोजायची, कापायची, जोडायची तयार अवजारं. जगभरचे प्रोग्रामर ती वापरतात. ती कशी वापरायची हे सांगणारी ३४० पानं मी सांभाळतो. अकरा वर्षं. एवढ्या काळात कोणी ती वाचली असतील, तर तसं मला कळवलेलं नाही.

६ जानेवारी
राजेशने केबिनमध्ये बोलावलं. साहेब असला तरी माझ्याहून नऊ वर्षांनी लहान, त्यामुळे एकेरीच. म्हणाला, शरच्चंद्र, एप्रिलपासून डॉक्युमेंटेशनला एक लीड नेमायचाय. तुम्ही दोघंच आहात, तू आणि गंधाली. तीन महिने बघतो, मग ठरवतो.

'बघतो' हे आपलं म्हणायला. गंधालीला येऊन दोन वर्षं झाली. अजून मला सर म्हणते. ठरवायचं काय त्यात?

खरं तर ही खुर्ची मला चार वर्षांपूर्वीच मिळायला हवी होती. तेव्हा बाहेरून माणूस आणला. तो आठ महिन्यांत पळाला. त्यानंतरही मला कोणी विचारलं नाही. विसरलेलो नाही. विसरणारही नाही.

९ जानेवारी
मोजणी-कापणीचं प्रकरण उघडलं. हादरलो. एकाच पानावर बाइट, कॅरॅक्टर, कोड पॉइंट, युनिट. मजकुराची लांबी ती एक आणि तिला शब्द चार! हा सगळा प्रोग्रामर लोकांचा गलथानपणा. त्यांचा म्होरक्या केयूर. हाफ पँट घालून विक्रोळीच्या ऑफिसात येतो आणि कोणी काही बोलत नाही.

शब्दयादी करायला घेतली.

१४ जानेवारी, संक्रांत
चहा साखरेचा घेतला. सणाला संकल्प मोजत नाहीत.

शब्दकोश पूर्ण. चारही ठिकाणी यापुढे 'कॅरॅक्टर'. सुटसुटीत. क्षमाला तत्त्व समजावून सांगितलं. ती मुलुंडच्या शाळेत मराठी शिकवते, तिला कौतुक वाटेल असं वाटलं. तिने विचारलं, मग आईंसमोर मी क्षमा, भांडलास की मॅडम आणि चहा हवा असला की अगं, हे कसं रे? म्हटलं, तिथे संदर्भ वेगळा असतो. मग झालं तर, असं म्हणून हलव्याची वाटी माझ्यासमोर ठेवून आत गेली. काय झालं ते सांगितलं नाही.

१६ जानेवारी
गंधालीने संज्ञासूचीवर सतरा कमेंट टाकल्यात. सतरा! पहिल्या दोन वाचल्या. तिचं म्हणणं, हे चार शब्द म्हणजे चार वेगळी मापं आहेत. जेवताना परत तेच. मालवणकडची आहे, त्यामुळे उदाहरण आंब्याचं. सर, आंबा वेगळा, डझन वेगळा, पेटी वेगळी. सगळ्यालाच नग म्हटलं तर दहा नग मागणाऱ्याच्या हातात काय द्यायचं?

हसलो. हुशार आहे पोरगी, पण अनुभव नाही. वाचकाला सोपं हवं असतं. सतराही कमेंटवर 'निकालात' बटण दाबलं. पान कसं स्वच्छ दिसायला लागलं.

२२ जानेवारी, दुपारी ४
केयूर टेबलाशी येऊन म्हणाला, असं नको करूस यार, वाट लागेल. त्याला शांतपणे सांगितलं, तू कोड बघ, भाषा मी बघतो. खांदे उडवून गेला.

मग सगळी पानं निवडली आणि एका फटक्यात बदल केला. २,११४ ठिकाणी. वेळ, दोन मिनिटं चाळीस सेकंद. अकरा वर्षांचा गोंधळ दोन मिनिटं चाळीस सेकंदात संपला. राजेशला मेल केली. त्याने अंगठा पाठवला. नुसता अंगठा. ठीक आहे.

४ फेब्रुवारी
गंधालीने विचारलं, सर, यापुढे कोणती फाइल धरायची? सर्व्हरवर 'शब्दयादी अंतिम', 'संज्ञासूची नवी' आणि 'कोश खरा' अशा तीन आहेत. म्हटलं, तिन्ही एकच. बरं म्हणाली आणि गेली. हल्लीच्या मुलांना साध्या गोष्टी कळत नाहीत.

११ फेब्रुवारी
आजचा दिवस लिहून ठेवण्यासारखा. एचआरची सुलक्षणा कॉफी मशीनपाशी म्हणाली, तुमची पानं वाचली, किती सोप्पी आहेत!

अकरा वर्षांत पहिली! तीही प्रोग्रामर नसलेली. २७ तारखेला मराठी भाषा दिन. ऑफिसात दरवर्षी साजरा होतो. यंदा सगळ्यांना देवनागरीत नावाचे बॅज. नावं बॅजच्या मापात कापायला आपलीच लायब्ररी वापरायची, असं तिने ठरवलंय. बारा कॅरॅक्टर्स मावतात, आपल्या ऑफिसात बारा अक्षरांचं नाव कोणाचं आहे, म्हणाली. सगळं माझ्या पानावरून, कोणाला न विचारता!

डोळ्यांत पाणी आलं. मशीनची वाफ होती, असं तिला सांगितलं.

१७ फेब्रुवारी
राजेशला सुचवलं, भाषा दिनाला प्रमुख पाहुणी म्हणून क्षमाला बोलवू. तो लगेच हो म्हणाला. त्याच समारंभात मी कोशाबद्दल पाच मिनिटं बोलणार. तेव्हाच लीडची घोषणा केली तर औचित्य साधेल, हेही सुचवलं. तो म्हणाला, बघतो.

क्षमा म्हणाली, मला तुझ्या ऑफिसात कशाला नेतोस? म्हटलं, एकदा बघ तरी तुझ्या नवऱ्याला तिथे काय मान आहे तो. तिने मोतिया रंगाची साडी काढून ठेवली.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ७
लिहायची इच्छा नाही. तरी लिहितो.

साकीनाक्याच्या प्रेसमधून बॅजची खोकी थेट समारंभाच्या वेळी आली. सुलक्षणाने भराभर वाटली. राजेशच्या छातीवर 'राजे'. गंधालीची 'गंधा'. केयूरचा 'केयू'. सुलक्षणा स्वतः 'सुलक'. अकाउंट्सचा अनंत तेवढा सहीसलामत सुटला. माझ्या बॅजवर 'शरच्'. शेवटच्या च चा पाय मोडलेला.

आणि प्रमुख पाहुण्या, 'क्षम'.

लोक आधी हसले. मग कोणीतरी म्हणालं, वा, मराठी भाषा दिन! मग हसणं थांबलं. ते जास्त वाईट होतं. सुलक्षणा रडकुंडीला आली, तुमच्या पानात जसं लिहिलंय अगदी तसंच केलं हो, असं सगळ्यांसमोर चारदा म्हणाली. क्षमाने बॅज काढला नाही. तो लावूनच भाषण केलं. छान बोलली म्हणतात. मला काही ऐकू आलं नाही. माझी पाच मिनिटं रद्द झाली.

२८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०
रात्रभर विचार केला. दोष उघड आहे. नाव कापण्याचं काम केयूरच्या कोडने केलं. बारा सांगितल्यावर चारच घेतले! सगळ्या ऑफिसला मेल केली. भाषा संयत, पण ठाम. 'गलथानपणा' हा शब्द दोनदा.

दुपारी १२.१५
केयूरचं उत्तर. तेही सगळ्या ऑफिसला. एक अक्षर लिहिलेलं नाही, फक्त एक फोटो. माझ्या पानाचा इतिहास. आधीचं वाक्य, 'पहिले इतके बाइट कापून देतं'. नंतरचं वाक्य, 'पहिली इतकी कॅरॅक्टर्स कापून देतं'. बदल करणारा, शरच्चंद्र. २२ जानेवारी. त्याखाली संज्ञासूचीवरची गंधालीची अकरावी कमेंट, १६ जानेवारीची. सर, इथे बाइटच हवं. मराठीत एक चिन्ह साठवायला कॉम्प्युटरला तीन बाइट लागतात. कॅरॅक्टर लिहिलं तर कोणाचं तरी नाव मध्येच तुटेल.

त्याखाली बारीक अक्षरात, 'निकालात, शरच्चंद्र'.

बारा बाइट म्हणजे चार चिन्हं. काना, मात्रा, अनुस्वार, सगळं मोजून. हे आज कळलं. म्हणजे माहीत होतंच, फक्त नेमकं असं लक्षात नव्हतं.

जेवायला गेलो नाही. लाज वाटली. दुसरा शब्द नाही.

३ मार्च
क्षमाचा बॅज फ्रिजवर, चुंबकाखाली. काढ म्हटलं. नाही म्हणाली. शाळेत मुलांना दाखवणार आहे. एक काना गेला की माणसाचं काय होतं, ते त्यांनी एकदा बघावं म्हणाली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

१० मार्च
एका फटक्यात केलं तसं एका फटक्यात मागे नेऊ, असं राजेशला सांगितलं. केयूर म्हणाला, नाही जमणार. २२ जानेवारीनंतर त्याच पानांवर तुम्ही दोघांनी आणखी पाचशे बदल केलेत, तेही जातील. आणि आधीचं तरी कुठे धड होतं? त्याने आणखी मागचा इतिहास काढला. चार शब्दांची ती खिचडी प्रोग्रामर लोकांनी केलेली नव्हती. अकरा वर्षांत, ज्या दिवशी जो सुचला तो शब्द मीच घातला होता.

तरी बाकीचा अनुभव आहेच. लीडला अनुभव लागतो. राजेशला हे कळतं. चहा बिनसाखरेचाच घेतो आहे, म्हणजे संकल्पशक्ती शाबूत आहे.

३० मार्च, गुढीपाडवा
गुढी उभारली. नवं वर्ष, नवी सुरुवात. उद्या राजेश सांगणार. दोन ओळींचं आभाराचं भाषण तयार ठेवलंय. गंधालीचं नाव दुसऱ्या ओळीत घेतलंय. मन मोठं ठेवावं माणसाने.

चहात साखर दोन चमचे.

३१ मार्च
गंधाली.

राजेश म्हणाला, शरच्चंद्र, तुझ्या नोकरीला काही होत नाही, टेन्शन घेऊ नकोस. फक्त तू तिला रिपोर्ट करशील. आणि पहिलं काम तुलाच द्यावं असं तीच म्हणाली, कारण ही पानं तुझ्याइतकी कोणी लिहिलेली नाहीत. २,११४ जागा. एकेक वाचून ठरवायचं, तिथे चारपैकी कोणता शब्द हवा. हाताने.

कंपनीच्या बसने मुलुंडला आलो. तीस वर्षं नोकरी करतोय. आज पहिल्यांदा वाटलं, आपल्याला काही येतच नसेल तर?

क्षमाला सांगितलं. चांगली आहे ती मुलगी, म्हणाली. माझ्यासाठी चहा टाकला, साखर विचारली नाही.

२ एप्रिल, सकाळी १०
सुरुवात केली. पान एक. हळूहळू, एकेक शब्द बोट ठेवून. दिवसाला पन्नास जागा, म्हणजे जूनपर्यंत सगळं चोख. वेळापत्रक आखून भिंतीला लावलं.

दुपारी १
पहिल्याच ओळीवर आहे. 'मजकुराची लांबी कॅरॅक्टर्समध्ये मिळते.' इथे चारपैकी कोणता हवा? तीन तास बघतोय. ओळ माझीच आहे. मला सांगता येत नाही.

दुपारी ४.३०
शेवटी कमेंट टाकून गंधालीला विचारलं. पाच मिनिटांत उत्तर. पूर्ण, व्यवस्थित, उदाहरणासकट. उदाहरणात 'क्षमा' हे नाव घेतलंय. कमेंट निकालात काढली नाही तिने. खाली लिहिलंय, सर, समजलं का?

समजलं, असं लिहिलं.

समजलं नव्हतं.