धुकं कोणी हटवलं

बाबा,

माझ्या हातांनी झालेल्या वस्तू आधी सांगतो. आठ इंची आरसा, घासून, पॉलिश करून. त्याची प्लायवूडची नळी. जुन्या बेअरिंगवर फिरणारी लाकडी बैठक. आरशावरचा अॅल्युमिनियमचा थर बाहेरून चढवून आणला, तो माझा नाही. ज्या ड्रमाभोवती फिरत मी काच घासली तो मात्र तुमचा, पाण्याचा. ही दुर्बीण तुम्ही पाहिली नाही, तिच्या आधीच गेलात.

आपल्या कॅम्प-1 वस्तीतल्या थंडीतल्या सकाळी आठवतात. तुम्ही नाईट शिफ्टहून आलेले, दारात उभे आहात. स्टील प्लांटकडचं धुकं एकदम लाल होतं. "पाह्य, भट्टी खोलली! सारं भिलाई उजळून राहिलं." आई सिगडीशी बसून म्हणते, "लाल झालं, पण हटलं का? अन् तुमच्या भट्टीवर माहा भात शिजते का?" "तुले काय समजते भट्टीतलं!" म्हणत तुम्ही हसता. मी तुमच्या बाजूचा.

सुरुवातीच्या विश्वात हायड्रोजनचं असंच धुकं होतं. पुढे अतिनील प्रकाशानं त्या अणूंतले इलेक्ट्रॉन सुटे केले आणि ते विरलं. तो प्रकाश कोणाचा? क्वेसारांचा, असं मी दुर्बिणीतून बघायला येणाऱ्या पोरांना वर्षानुवर्षं ठासून सांगत आलो. प्रचंड कृष्णविवरात पडता पडता तापून झगझगणारा वायू म्हणजे क्वेसार; एकटा अख्ख्या दीर्घिकेला फिका पाडतो. भट्टीवाल्याच्या पोराला दुसरं काय पटणार? मग शब्दकोश मांडीवर घेऊन शोधनिबंध वाचले, आणि हिशेब जुळेना. क्वेसार आपल्याभोवतीचं धुकं लांबवर साफ करतो, हे खरं. पण तेव्हा असे तेजस्वी क्वेसार फार विरळ होते. बहुतेक काम असंख्य लहान, अंधुक दीर्घिकांनी केलं, असं आज जास्त जण मानतात. अंधुक क्वेसारही आता सापडून राहिले, वाद पुरता मिटलेला नाही. पण मोठ्यांनी एकट्यांनी केलं नाही. म्हणजे भट्टी नाही, घरोघरच्या सिगड्या.

गेल्या महिन्यात दुर्गच्या एका खाजगी शाळेचे संचालक घरी आले. दुर्बीण विकत हवी होती, आणि तिच्याजवळ माझ्या नावानिशी पाटी: 'तेजस्वी क्वेसारांनी विश्व उजळलं.' मी म्हटलं, 'एकट्यांनी नाही' एवढं जोडा. ते हसले. "अरे भैया, बच्चे छोटी-मोटी गैलेक्सी देखने थोड़ी आएँगे! बोर्ड वही रहेगा, वरना रहने दो."

आई आतून ऐकत होती. ते गेल्यावर म्हणाली, "कावून नाही म्हटलं? वरचे पत्रे गळून राहिले. लिहू द्यायचं होतं त्याले काय लिहाचं ते." आईचीच बाजू मांडत होतो, हे तिला कसं सांगू? तुम्हाला सांगतो आहे, तर या कागदावर घालायला पत्ता नाही.

"देत किती होता?" तिनं विचारलं.

साठ हजार देत होता, बाबा. आईले वीस सांगितले.