शिंपीकाकांच्या दारावरून

तीर्थरूप बाबा,

नमस्कार केला की तुम्ही चिडता, म्हणून लाल सलाम. आईला मात्र नमस्कारच सांगा.

काळजी नको, युनियनमधून मला काढलेलं नाही. युद्धाविरुद्धचा आमचा मोर्चा काल नीट पार पडला.

इस्रायल गाझावर बॉम्ब टाकतं, त्याचा निषेध मीही घसा बसेपर्यंत करते. पण आमच्या सेक्रेटरींनी मोर्चा कोपऱ्यावरच्या ज्यू शिंपीकाकांच्या दुकानासमोर थांबवून तिथे घोषणा द्यायचं ठरवलं. आमचे बॅनर तेच शिवून देतात हो! मी म्हटलं, "बॉम्ब त्या सरकारनं टाकले. काकांनी फक्त काजं केली."

"मग त्यांनी आधी निषेध करून दाखवावा," सेक्रेटरी म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "उद्या माझ्या दारात येऊन कुणी आपल्या सरकारचा जाब मला विचारला तर चालेल?"

त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी कुणी धड बोलेना. डबासुद्धा एकटीच खात होते. हे आईला वाचून दाखवू नका. शेवटी सभेत मतदान झालं आणि तो थांबा रद्द झाला.

तुम्ही बीपीच्या गोळ्या घेताय ना? सभेत ओरडणं कमी करा. ते काम आता मी करते.

काल मोर्चा न थांबता दुकानावरून पुढे गेला. आमच्या घोषणा जोरात चालल्या होत्या. काचेतून पाहिलं, तर काका मशीनवर वाकलेले. त्यांनी मान वर करूनसुद्धा बघितलं नाही. त्यांच्यासाठी तो नेहमीसारखाच एक मोर्चा होता. इतकं हलकं वाटलं, बाबा!

तुमच्यावरच गेलेली,
तुमची भांडकुदळ लेक